माझ्या वाट्याचं औषध

जर्मनची लढाई संपून काही वर्षं झाली होती. पोशीरला आमची भातशेती होती. मला मूल होईना, म्हणून घरच्यांनी ह्यांचं दुसरं लग्न करून दिलं. मुलगी खालापूरकडची होती, माझ्याहून बरीच लहान. ती मला अक्का म्हणायची, मी तिला धाकटी. तिच्या बांगड्या वाजल्या की माझ्या हातातलं काम थांबायचं. ती वाईट नव्हती, आणि तेच मला सोसत नव्हतं.

पुढे माझा जीव कशातच रमेना. उठावंसं वाटेना, बोलावंसं वाटेना. सासूबाई म्हणाल्या, लागीर झालंय. दोनदा अंगारा लावून झाला. मग झोप यावी म्हणून त्या रोज संध्याकाळी मला अफूची बारीक गोळी देऊ लागल्या. झोप यायची, पण जाग आल्यावर डोकं दगडासारखं जड.

शेवटी ह्यांनी गाडी जुंपली आणि मला कर्जतच्या एका वैद्यांकडे नेलं. वैद्य म्हातारे होते, सावकाश बोलायचे. आणखी काही औषध चालू आहे का, हे त्यांनी आधी विचारलं. ह्यांनी गोळीचं सांगितलं. वैद्य म्हणाले, "ती हळूहळू कमी करून बंद करायची. मी सांगतो तशी. तोवर मी काही देणार नाही. दोन्ही एकदम पोटात गेली, तर ही झोपेतून उठायची नाही."

"पण तुमचं तर झाडपाल्याचंच ना?" हे म्हणाले.

"अफू तरी कशाची असते? तीही झाडाचीच."

मग त्यांनी मला विचारलं, "दिवस गेलेत का?" मला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नाही म्हणून मान हलवली. "नक्की ना?" त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानंतर ह्यांना बाहेर पाठवून ते हलकेच म्हणाले, "विहिरीवर गेल्यावर मनात काही येतं का गं?" मी खोटं बोलले नाही.

गोळी सुटल्यावर त्यांनी चूर्ण दिलं. त्यात ब्राह्मी, जटामांसी आणि वेखंड होतं. पण पुडी माझ्या हाती दिली नाही. ह्यांना म्हणाले, "हे तुमच्यापाशी ठेवा. रोज सकाळी तुम्हीच द्यायचं, चिमूटभर, तुपातून. बरं वाटलं म्हणून वाढवायचं नाही, आणि मला विचारल्याशिवाय थांबवायचं नाही. ही एकटी विहिरीवर जाता कामा नये."

तेव्हापासून रोज सकाळी हे माझ्याजवळ येऊन बसायचे. चूर्ण तुपात कालवायचे, मी ते चाटून संपवीपर्यंत थांबायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असे ते माझ्यापाशी कधी बसले नव्हते. धाकटी चुलीपाशी पाठ करून असायची. तिचे कान इकडे आहेत, हे मला कळायचं आणि बरं वाटायचं. पावसाळा सरता सरता मी कामाला लागले. चूर्णानं का त्या बसण्यानं, देव जाणे.

तेवढ्यात धाकटीला दिवस गेले. सासूबाई एके सकाळी ह्यांना म्हणाल्या, "त्यातलं हिलाबी दे रं. ब्राह्मीनं पोर हुशार होतं."

ह्यांनी पुडी उचललीच होती. मी म्हणाले, "तिला द्यायचं नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. धाकटी म्हणाली, "तुला नको असंल तर ऱ्हाऊ दे, अक्का. पाल्याच्या औषधानं काय मी मरतेय का?"

"जळते गं ती," सासूबाई म्हणाल्या.

"जळतेच मी," मी म्हणाले. "पण औषध द्यायच्या आधी वैद्यांनी मला दोनदा विचारलं, दिवस गेलेत का म्हणून. का विचारलं ते मला ठाऊक नाय. त्यांनाच विचारा, मग द्या."

माझं म्हणणं कुणाला पटलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मलाही पटलं नसतं. पण ह्यांनी पुडी परत ठेवली, आणि बाजारच्या दिवशी आम्हा दोघींना गाडीत घालून कर्जतला नेलं.

वैद्यांनी धाकटीकडे एकदा बघितलं. "हिला अजिबात नाही. वेखंड पोटुशीला द्यायचं नसतं. मी हे ह्या बाईची प्रकृती बघून दिलंय, घराला नाही दिलं."

परतताना धाकटी हळूच म्हणाली, "मला पोराच्या हुशारीचं काय नव्हतं, अक्का. ते रोज तुझ्यापाशी बसतात. माझ्यापाशी नाय बसत कधी."

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, असं कुणीही म्हणेल. मला तेव्हा फक्त आनंद झाला.

तिला मुलगा झाला. त्या सुमारास वैद्यांनी माझी मात्रा उतरवत आणली आणि मग औषध थांबवलं. दुसऱ्या सकाळी हे सरळ गोठ्याकडे निघाले. मी म्हणाले, "औषध नसलं म्हणून काय झालं? बसा की जरा."

ते बसले. बैलाच्या खुराचं काहीतरी सांगत राहिले. मी ऐकत होते. आतून पोर रडलं तसे ते उठून गेले. मला राग आला, जळफळाट झाला, आणि मी कळशी घेऊन विहिरीवर गेले. आता मला एकटीला जाऊ देत होते. पाणी भरलं आणि घरी आले.