खुशालरावांचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर सरळ कोणीही चालवतो. मागं ट्रॉली जोडून उलटा चालवायला घ्या, म्हणजे भल्याभल्यांची भंबेरी उडते. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं, आणि एकदा का ती आडवी झाली की सगळं मुसळ केरात. वरूडच्या अब्दुल गफ्फारनं या उलट्या कामात ओळीनं आठ वर्षं पहिला नंबर काढला.

त्याचा जन्म अकोल्याच्या जुन्या शहरातला. बापाची भांड्यांची हातगाडी, आणि घर अशा बोळात की आत गेलेली गाडी वळवायची सोयच नाही. रोज उलटीच बाहेर काढायची. ते काम गफ्फारकडं. पुढं पोटासाठी तो वरूडला खुशालरावांकडं ड्रायव्हर म्हणून लागला. संत्र्याच्या बागेतून भरलेली ट्रॉली त्यानं मागं आणली आणि एक फांदी मोडली नाही, तेव्हा मालक बांधावरून बघतच राहिले.

"गफ्फार, तुले देवानं पाठीवर डोळे देल्ले का बाप्पा?"

कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा उठली की जवळच्या एका गावात उलट्या ट्रॅक्टरची स्पर्धा भरायची. चुन्याच्या दोन रेषांमधून नागमोडी जायचं, रेषेला चाक लागलं की बाद, सगळ्यात कमी वेळ त्याचा नंबर पहिला. गफ्फार आरशात बघत नसे. सीटवर अर्धा वळून डाव्या खांद्यावरून मागं बघायचा. त्यापायी त्याची मान जी आखडली ती आखडलीच. घरी अकीलानं, त्याच्या बायकोनं, हाक मारली तरी तो सगळ्या अंगानिशी वळायचा.

पण रीत शंकरपटाची, बैलांच्या शर्यतीची. तिथं बैलजोडीच्या मालकाचं नाव पुकारतात, तसंच इथंही. "पहिला नंबर, खुशालरावांचा ट्रॅक्टर!" ढालीवर नाव खुशालरावांचं, ढाल त्यांच्याच बैठकीत. गफ्फारला शर्टाचं कापड आणि पावशेर पेढे. खुशालराव माणूस वाईट नव्हता, त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. आता न सुचणं हाही थोडा दोषच म्हणायचा.

गफ्फारला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटलं ते लेकीमुळं. तुबा शाळेत सांगून आली की माझे अब्बा चॅम्पियन आहेत. मैत्रिणी म्हणाल्या, ढाल दाखव.

"अब्बा, तुमचं नाव कोठीच कसं नाई?" तिनं घरी येऊन विचारलं.

तेव्हापासून गफ्फारला एकच आस लागली, एकदा तरी भोंग्यावरून आपलं नाव तिच्या कानी पडावं.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात बोअर आटले. खुशालरावांची संत्र्याची झाडं उभी वाळली, सरपणाला गेली. ट्रॉलीत भरायला काही उरलं नाही. त्यांनी ट्रॅक्टर अकोल्याच्या देवमनला, एका वीटभट्टीवाल्याला, विकला आणि चारचौघांत सांगितलं, दुरुस्तीला गेलाय. ट्रॅक्टरमागं गफ्फारही भट्टीवर गेला.

जत्रा आली तशी त्यानं देवमनकडं चार दिवसांसाठी ट्रॅक्टर मागितला.

"ने ना," देवमन म्हणाला. "अन् नाव तुयंच लिव. मले तिकडं कोन ओळखते?"

गफ्फारला हर्ष मावेना. अकीला आणि तुबाला वरूडहून एसटीनं यायचा निरोप धाडून तो आदल्या दिवशीच ट्रॅक्टर घेऊन निघाला.

नोंदणीला रामराव बसले होते, भोंगाही त्यांच्याच हाती. "मालक कोन लिवू?" त्यांनी विचारलं. गफ्फार बोलणार, तोच त्याला मंडपाच्या खांबाशी खुशालराव दिसले. दरवर्षी पुढच्या खुर्चीत बसणारा माणूस यंदा मागं उभा होता. मालक म्हणून आपलं नाव सांगितलं की त्यांचा ट्रॅक्टर गेल्याचं पंचक्रोशीला कळणार.

"खुशालराव," गफ्फार म्हणाला. मागं बायकांत बसलेल्या तुबाकडं बघायचा त्याला धीर झाला नाही.

मग तो सीटवर अर्धा वळला आणि ट्रॉली अशी नेली की चुन्याचा कणही चाकाला लागला नाही. रामरावांनी सवयीच्याच सुरात पुकारलं, "पहिला नंबर, खुशालरावांचा ट्रॅक्टर!" तुबानं मान खाली घातली.

खुशालराव मंचावर चढले. लोकांना वाटलं, ढाल घ्यायला. त्यांनी रामरावांच्या हातातून माइक घेतला.

"ट्रॅक्टर म्या इकला," ते म्हणाले. "पाच मयने झाले. दुरुस्तीचं खोटं सांगतलं होतं. ते या गफ्फारनं आज झाकून घेतलं." मग त्यांनी ढाल उचलून गफ्फारकडं धरली. "हे ढाल अब्दुल गफ्फारची हाय. पयल्या सातई त्याच्याच. म्या फकस्त डिझल टाकलं."

दुसऱ्या दिवशी संत्र्याच्या दोन रिकाम्या पेट्यांतून सात ढाली गफ्फारच्या घरी आल्या. ठेवायच्या कुठं म्हणून अकीला कुरकुरली. तुबा खिळा घेऊन बसली आणि पहिल्या ढालीवरचं खुशालरावांचं नाव खरवडायला लागली.

गफ्फार सगळ्या अंगानिशी वळला. "राहू दे बेटा," तो म्हणाला, "डिझल खरंच त्यायनंच टाकलं होतं."