बसलेला शॉकअप

तळोद्यात शॉकअप बसला म्हणजे मेला. माणसं आणि बकऱ्या कोंबून डोंगरात चढणाऱ्या जीपा हेमकांतच्या गॅरेजात येतात त्या एवढ्यासाठीच. "कडक कर" याखेरीज ड्रायव्हर दुसरं काही बोलत नाहीत.

त्याची पुतणी काजल डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतीची तयारी करत होती. तिच्या सरांनी सायकलीला मागे परदेशी, महागडा, हवेवर चालणारा शॉकअप लावून दिला. काजल सीटवर बसताच तो बोटभर खाली गेला.

"हाऊ ते बसना!" हेमकांत ओरडला. सरांना शिव्या घालत त्याने कॉम्प्रेसरची नळी लावली आणि शॉकअप हलेनासा होईपर्यंत हवा भरली.

दुसऱ्या दिवशी उतारावर सायकलीने काजलला दगडांत फेकलं.

दवाखान्याच्या दारात सरांनी उचलून आणलेल्या सायकलीची सीट दाबून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "हा वजनानं थोडा बसायलाच हवा, नाहीतर माणसाला उडवतो. हवा कोणी भरली?"

हेमकांत सरळ आत शिरला.

आत काजल हात गळ्यात बांधून पडली होती. त्याला पाहून हसली. "शॉकअप ढिलाच व्हता, काका. पुढला टाइमले आखो कडक करी द्या."

ड्रायव्हरांना म्हणतो तसंच, सवयीने, हेमकांत "हाव" म्हणाला.