सोनाबाईची रिंग

आम्ही चार निवृत्त नर्स कुठेही जमलो, अगदी लग्नाच्या पंगतीत, तरी पाच मिनिटांत गप्पा कमरेखाली उतरतात. शेजारचे लोक ताट घेऊन उठतात. त्यांचं चुकत नाही म्हणा. सत्तरच्या दशकात पोलादपूरकडच्या आरोग्य केंद्रात नोकरी केल्यावर दुसरं काय साठणार?

*

केंद्रात एक कापडी तक्ता होता. गर्भाशय, दोन्ही बाजूंना नळ्या, टोकाला अंडाशय, सगळं गुलाबी रंगात. सुईणींच्या ट्रेनिंगला आमचे डॉक्टर तो शिकवायचे. नवे होते, लग्न व्हायचं होतं. तक्त्याकडे पाठ, नजर छताला, आणि छडी मागच्या मागे!

एकदा छडी गर्भाशय सोडून शेजारच्या पोस्टरवरच्या हिवतापाच्या डासावर टेकली आणि डॉक्टर म्हणाले, "इथे मूल वाढतं."

सगळ्या सुईणींनी माना डोलावल्या.

*

त्याच तक्त्यापुढे सोनाबाई भेटली. डोंगरावरच्या वाडीतली, पाच पोरांची आई, रोज गवताचा भारा डोक्यावरून आणणारी. आली होती धाकट्याच्या खोकल्यासाठी. तक्त्याकडे बराच वेळ बघून तिने मला हळूच विचारलं, "बाय, ह्ये आतच र्‍हातं?"

मी म्हटलं, हो, आतच असतं.

"तिसऱ्या पोरापासून माजं अंग भायेर हाय. जावेचं बी. आमाला वाटलं, पोरं झाली का सगल्यांचंच येतं."

चिंध्यांचा बोळा लावून ती ते आत ढकलायची आणि भारा उचलायची. मी तिला तशीच डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टरांनी तपासलं, या वेळी छताकडे न बघता. ऑपरेशनच हवं म्हणाले, महाडला. तोवर आधाराला रबराची रिंग आत बसवून दिली आणि ओझं उचलायचं नाही, असं बजावलं.

*

नवऱ्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्याला समजावताना माझीच जीभ अडखळायला लागली, तर त्यानेच विचारलं, म्हशीचं येतं तसं ना? आणि मग उपायही त्यानेच सांगितले. म्हैस मागून उंच राहील अशी बांधायची, उतारावर चरायला सोडायची नाही, चारापाणी जागेवर द्यायचं. सगळं बरोबर!

"मग हिलाही तसंच जपा," मी म्हटलं.

तो हसला. "म्हस बसली तर चालतं, बाय. ही बसली तर म्हशीला चारा कोन आनंल?"

ऑपरेशन लावणीनंतर ठरलं. मग कापणीनंतर.

*

पुढे एकदा सोनाबाई वाकून चालत आली. तपासलं, तर रिंगच नाही! विचारलं तर म्हणाली, जावेला दिली. जाऊ माहेरी लग्नाला गेली होती, घाट चढून.

लोक लग्नाला पाटल्या मागून नेतात. मी तिला फाडफाड बोलले. जंतू, पू, ताप, सगळं सांगितलं. रिंग परत आली की आधी उकळायची, हेही सांगितलं. शेवटी हात जोडले, बाई गं, ऑपरेशन करून घे, कायमची सुटशील.

ती म्हणाली, घरात भारा उचलायला दुसरं माणूस आलं की लगेच करते. थोरल्याचं लग्न ठरतंय.

त्या लग्नाची वाट तिच्यापेक्षा मीच जास्त पाहिली.

*

लग्न झालं आणि त्याच उन्हाळ्यात सोनाबाई आली. सोबत नवी सून, हातात हिरवा चुडा, अंगावरची हळदही पुरती गेलेली नाही. मला इतका आनंद झाला की त्यांना बसवायच्या आधीच महाडच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली.

सोनाबाईने कनवटीची पुरचुंडी सोडली आणि रिंग टेबलावर ठेवली. उकळून स्वच्छ केलेली, मी सांगितलं होतं तशी.

"माजं ऑपरेशन व्हयल तवा व्हयल. आदी ही हिला बसवा."

"अगं, हिला काय झालंय?"

"काय नाय," सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा करत सोनाबाई म्हणाली. "उद्यापासून भारा ही आननार."