गोठ्यातून आलेली कढई

पाचव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं आणि मी दवाखान्यातून घरी आले, त्याच आठवड्यात सासूबाई गावाहून धुळ्याला आल्या. गाव पिंपळनेरच्या पलीकडे. एका हातात कपड्यांची पिशवी, आणि गोणपाटात बांधलेलं काहीतरी जड. रिक्षावाल्याने ते दारात टेकवलं तेव्हा फरशीवर लालसर भुकटी सांडली. आत बिडाची कढई होती. गंजाने इतकी खाल्लेली, की बोट फिरवलं तर पापुद्रे निघत होते.

माझ्या अंगात रक्त फार कमी आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. गोळ्या लिहून दिल्या आणि जाता जाता म्हणाल्या, भाजी लोखंडाच्या भांड्यात करत जा. नवऱ्याने हे फोनवर आईला सांगितलं असणार.

"मनी सासूनी शे हाई," सासूबाई म्हणाल्या. "गोठामा पडेल व्हती. गायले पेंड भिजाडी देऊत हाईमा." म्हणजे आजेसासूंची कढई, पुढे गाईची पेंड भिजवायला वापरलेली.

माझं माहेर जळगावचं, घरात शहरी मराठी. अहिराणी मला कळते, पण बोलायला गेलं की जीभ अडते. त्यामुळे आमचं दोघींचं बोलणं आधीपासूनच बेताचं. शेजारच्या बायका येऊन बसायच्या, "होईल गं दुसरं, वय कुठं गेलंय," म्हणायच्या. सासूबाई त्यांना चहा द्यायच्या. स्वतः त्याविषयी चकार शब्द नाही. मला वाटायचं, ह्या मनातल्या मनात मलाच बोल लावत असतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या अंगणात कढई मांडली आणि मला हाक मारली, "ये माय, बठ आठे."

मला उठावंसंच वाटत नव्हतं. तरी गेले. नवऱ्याने त्याच्या गॅरेजमधून तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर आणून ठेवला होता. सासूबाईंनी आधी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि कढई त्यावर पालथी घातली. वर्षानुवर्षांचा चिकट थर जळून त्याचा कडवट धूर अंगणभर झाला. थंड झाल्यावर आम्ही घासायला बसलो. त्या विटेच्या तुकड्याने, मी ब्रशने. लाल पाणी मोरीकडे वाहत राहिलं. त्या रंगाकडे मला बघवेना. मी मान वळवून घासत राहिले.

हात जोरात चालले की छाती दुखायची. बाळ नाही, पण दूध आलं होतं. शरीराला कोणी सांगितलंच नव्हतं. घासता घासता ब्लाऊज ओला झाला. मी पदर ओढला, तोवर सासूबाईंनी पाहिलं होतं. त्या उठल्या, घरात गेल्या, एक मऊ जुनं लुगडं घेऊन आल्या आणि माझ्या छातीभोवती घट्ट बांधलं. बांधताना त्यांचे गंजाने माखलेले हात माझ्या पाठीला लागत होते. मग पुन्हा समोर बसल्या आणि विटेचा तुकडा उचलला. मी रडत होते. त्यांनी थांब म्हटलं नाही आणि कढईही बाजूला ठेवली नाही.

दुपारपर्यंत खालचं राखाडी लोखंड दिसू लागलं. लगेच कोरडी करून त्यांनी ती चुलीवर तापवली आणि जवसाच्या तेलाचं फडकं फिरवलं.

"पुसी काढ," म्हणाल्या. "तेल दिसाले नको."

तेल लावायचं, पुसून काढायचं, धूर येईस्तोवर तापवायचं, निवू द्यायचं. पुढचे काही दिवस हेच चाललं. मग कांद्याच्या साली आणि मीठ घालून परतलं आणि ते सगळं फेकून दिलं. कढई काळी झाली. त्यातली पहिली मेथीची भाजी मला खिळा चाटल्यासारखी लागली. मी ताट सरकवलं. "खाय," त्या म्हणाल्या, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.

महिनाभर राहून त्या परत गेल्या. मग फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कढईमाच करस ना?" मी हो म्हणायचे. मला त्यात दुसराच प्रश्न ऐकू यायचा, काही बातमी आहे का. रक्त खरंच वाढलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात तेही संपलं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, पुन्हा मुलाचा विचार करू नका, जिवावर बेतेल.

नवरा आईला हे सांगायला तयार होईना. "तूच सांग," म्हणाला आणि कामावर निघून गेला. तेव्हा मी एकटीच एसटीने गावी गेले. सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. मी चप्पलही न काढता उभ्या उभ्या सांगितलं, "आई, आता मूल होणार नाही. डॉक्टर नको म्हणतात."

त्यांचा हात थांबला. मुठीतले दाणे त्यांनी सुपात टाकले. मग म्हणाल्या, "भाजी कसामा करस?"

मला इतका राग आला. "त्याच कढईत करते," मी म्हटलं. "पण आता कशाला? ज्याच्यासाठी आणली होती ते तर..."

"कोन्हासाठे आनी व्हती?" त्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "तुनासाठे आनी व्हती मी. तुले रगत नव्हतं."

मी ओट्यावर बसले. त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. आम्ही संध्याकाळपर्यंत शेंगा फोडल्या. त्या एकदा डोळे पुसताना दिसल्या, पण त्या नातवासाठी रडत होत्या की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही. त्या बोलण्याने मी बरी झाले असंही नाही. परतीच्या एसटीत एका बाईच्या मांडीवर तान्हं होतं, तर मी उठून मागच्या सीटवर जाऊन बसले.

आता धुळ्याच्या घरात आम्ही दोघंच. कढई दहा माणसांची आहे. कितीही कमी करायचं ठरवलं तरी भाजी टाकताना हात जास्तीच पडतो. रात्रीची उरलेली नवरा सकाळी डब्यात नेतो.