मास्तरांच्या घरचा भात

आमच्या व्हायोलिन मास्तरांचे किस्से म्हणजे मोहाडीच्या बाजारातली गर्दी. एकाला वाट दिली की मागून दहा घुसतात! भंडाऱ्यात मास्तरांचा सत्कार ठरला, तेव्हा आम्ही जुने विद्यार्थी भाषणासाठी आठवणी काढायला टपरीवर बसलो. चहा चारदा झाला, भाषणाची एक ओळ झाली नाही!

*

उमेदीच्या काळात मास्तर झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवायचे. सिहोऱ्याच्या एका प्रयोगात नायक मरणाच्या सीनमध्ये डायलॉगच विसरला. मास्तरांनी ते ओळखलं आणि व्हायोलिनवर अशी काही धून धरली की बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या. नायक मेला, पडदा पडला आणि मास्तरांच्या धुनेला वन्समोर आला!

नायक विंगेत येऊन भडकला, "मास्तर, मरून मी राहिलो, अन् वन्समोर तुमाले?"

*

एसटीत मास्तर व्हायोलिनची पेटी खिडकीपाशी ठेवायचे आणि स्वतः शेजारी बसायचे. एकदा टोपली घेतलेली एक बाई म्हणाली, "भाऊ, पेटी खाली ठेवा ना, मले बसू द्या."

मास्तर चटकन उठले. "तुमी माह्या जागेवर बसा जी. त्याले झोपू द्या, त्याची रातपाळी हाय!"

भंडाऱ्यापर्यंत पेटी बसून, मास्तर उभे!

*

शिकवायची तऱ्हाही न्यारी. आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवायचे. "माह्या तोंडाकडे पाहून वाजवू नोको. देवानं कान कायले देल्ले?" आणि आमच्या पाठीमागे बसून, सुपात तांदूळ घेऊन खडे निवडत ऐकायचे. सूर चुकला की फक्त म्हणायचे, "खडा!"

त्यांच्या तोंडून शाबासकी कुणी ऐकली नाही. पण कुणी खरंच चांगलं वाजवलं, की त्यांचा हात थांबायचा आणि सूप अर्धवट राहायचं. मग जेवताना काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, विचारायच्या, "आज कोनं चांगलं वाजवलं जी? भातात खडा लागला!"

*

मी बारा वर्षं शिकलो. काकू मला दारातच म्हणायच्या, "ये रे रवी. तुह्या दिवशी भात कसा मस्त साफ असते!"

पोरं फिदीफिदी हसायची, मीही हसायचो. पण घरी जाताना ते लागायचं. आजही लागतं, खोटं कशाला बोलू?

*

दोन वर्षांपूर्वी मास्तरांची बोटं आखडली आणि व्हायोलिन खुंटीला लागलं. तांदूळ निवडण्यापुरता हात चालायचा. आता सत्कारात त्यांच्यासमोर वाजवणार कोण? बरे वाजवणारे सगळे बाहेरगावी गेलेले. उरलो मी!

"मास्तर, मले नाही जमनार."

"काहून? भंडाऱ्याच्या लोकायले खडे चालत नाही काय?"

सत्काराच्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी शेवटची तालीम होती. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. आता 'खडा' येईल, मग येईल, म्हणून कान सगळे मागेच लागलेले. मग कधीतरी ते विसरून गेलो. समोरची भिंतसुद्धा विसरलो.

वाजवणं संपलं. काकूंनी सूप उचललं आणि आत नेलं.

"मास्तर, कसं झालं?"

"हातपाय धू. जेऊनच निघू."

तासाभरात काकूंनी ताटं वाढली. मी वरणभात कालवला. दुसऱ्याच घासाला दाताखाली कचकन खडा आला!

आवाज काकूंनाही ऐकू गेला. वरणाचा चमचा हातात तसाच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

मास्तरांनी ताटातून मान वर केली नाही.

"जेव बे गपचूप. बस निघून जाईन."