जयंतीपर्यंत राखून ठेवलेलं नाव

सगळा हॉल पडद्याकडे बघत होता आणि पडद्यावर आलं होतं, नॉट अव्हेलेबल. मला वाटलं टायपिंग चुकलं. परत टाकलं. तेच.

मी नांदेडला वेबसाइट बनवतो. बिलोलीच्या गायकवाड मॅडम, निवृत्त शिक्षिका. भरतीची तयारी करणाऱ्या खेड्यांतल्या मुलींसाठी त्या फुकट ऑनलाइन सराव परीक्षा सुरू करणार होत्या. त्यासाठी डोमेन हवं होतं. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. एक पत्ता एकालाच मिळतो, जो आधी घेईल त्याला.

मॅडमनी लिहून आणलेलं नाव अख्खी ओळ खात होतं. संस्था, तालुका, जिल्हा, सगळं त्यात. मी म्हटलं, फोनवर एकदा सांगितलं की मुलीला लिहिता यावं, ते चांगलं नाव. मग मॅडमनी आईचं नाव सांगितलं. सोजरबाई. मजुरी करून त्यांनी पोरीला शिकवलेलं. नाव छोटं होतं आणि शिल्लकही होतं. मी खूश.

"आत्ताच घेऊन टाकू," मी म्हटलं. पाच मिनिटांचं काम.

"न्हाई. जयंतीलाच घ्यायचं. सगळ्यांसमोर, आईच्या हातानं."

आमच्यात नवं काम बाबासाहेबांच्या जयंतीला सुरू करतात. माझं ऑफिसही मी त्याच दिवशी उघडलेलं. त्यामुळे मान डोलावली. गाढवपणा माझा, मॅडमचा नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी मधल्या तीन आठवड्यांत तो पत्ता जयंतीच्या फ्लेक्सवर छापला, पार नायगावपर्यंत लावला आणि प्रत्येक ग्रुपवर फिरवला. मला ते कळलं हॉलच्या दारातला फ्लेक्स बघून.

पडद्यावर नॉट अव्हेलेबल आल्यावर मी तिथंच तो पत्ता उघडून बघितला. लातूरच्या एका खासगी क्लासची जाहिरात. टाय लावलेला माणूस, खाली प्रवेशाचा फॉर्म. नाव आठच दिवसांपूर्वी घेतलेलं.

"हा कोण हाय?" पहिल्या रांगेतून सोजरबाईंनी विचारलं. "माझं नाव दिसणार म्हणला होता ना?"

मॅडम खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. मी बाहेर जाऊन पानावरच्या नंबरला फोन लावला. त्या माणसानं काहीच लपवलं नाही. फ्लेक्स बघितला, नाव रिकामं दिसलं, घेतलं म्हणाला. हे एका म्हाताऱ्या बाईचं नाव आहे, असं मी सांगितलं.

"असेल की. सोजरबाई काय एकच आहे का?"

इतक्या थंडपणे माणूस बोलू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आत येऊन मी झालं ते सांगितलं. वाटलं, म्हातारी रडणार.

"मग पोरींनी कुठं जायाचं?" त्या म्हणाल्या. "दुसरं घ्या. आत्ता घ्या."

गावाचं नाव जोडून दुसरं घेतलं. बटण त्यांनीच दाबलं. परीक्षा त्याच दिवशी सुरू झाली. पुढचे दोन दिवस मी आणि मॅडम फ्लेक्सवर कागद चिकटवत फिरलो. काही मुलींनी आधीच त्या फॉर्ममध्ये नंबर भरले होते. त्यांना क्लासचे फोन येऊन राहिले होते, सोजरबाईंच्या संस्थेतून बोलतोय म्हणून.

आता गिऱ्हाईकानं नाव पसंत केलं की मी ते आधी घेतो, मग मुहूर्त विचारतो. डोमेनची मुदत दरवर्षी वाढवावी लागते. विसरलं की नाव सुटतं. मी दरवर्षी बघतो. तो माणूस अजून एकदाही विसरलेला नाही.