निवाडा द्यायचा नाही

लामर्ट ओस्कामने बेदाणा आधी कानाशी नेला, बोटांत चोळला, हुंगला, जिभेवर ठेवून दोनदा चावला आणि कागदी रुमालात थुंकून टाकला.

"दुय्यम," तो म्हणाला. "गोडी बरी आहे, साल चिवट."

वूर्डन गावच्या चीज-गोदामातली दहा माणसं खुर्च्यांचं कोंडाळं करून बसली होती. बाकीच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि खांदे हलू लागले. फेम्के ही विद्यापीठातून ध्यान शिकवायला आलेली मुलगी. तिने हसू गिळलं.

"लामर्ट, लक्ष फार सुंदर दिलंत. पण इथे निवाडा द्यायचा नाही. जे आहे ते नुसतं अनुभवायचं."

"निवाडा द्यायचा नाही तर चावायचं कशाला?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. लामर्टला खरंच कळलं नव्हतं. एकतीस वर्षं तो या गोदामात पारखी होता. फळ्यांवर ओळीने मांडलेली चीजची पिवळी चाकं छोट्या हातोडीने वाजवायची आणि आतून भरीव आहे, फुगलंय की फुटलंय ते सांगायचं, हे त्याचं काम. आपल्याकडे मडकं वाजवून घेतात, तसंच. फरक इतकाच, की मडकं फसवं निघालं तर कुंभाराला चार शब्द ऐकवता येतात, इथे ते ऐकून घ्यायची पाळी लामर्टवर यायची. ती कधी आली नव्हती. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

स्वभावाने मात्र हा काटेरी माणूस. त्याच्याजवळ बावीस वर्षं काम करणारा एव्हर्ट म्हणायचा, "लामर्ट चीजला हातोडीने वाजवतो आणि आम्हाला जिभेने." एव्हर्टचं काम म्हणजे लामर्टमागे चालायचं, शंका आलेल्या चाकात पोकळ सळई खुपसायची आणि आतला तुकडा काढून दाखवायचा.

वाजवायला शिकवलं होतं थोरल्या भावाने, यापने. याप जाऊन नऊ वर्षं झाली, पण लामर्टच्या डोक्यातून तो हलला नव्हता. हातोडी उचलली रे उचलली की त्याची कुरकुर सुरू. "हळू मार, ढोल नाही तो. हात ठेव, गाढवा. घाई कुणाला आहे, तुला की चीजला?" दिवसभर हेच. लामर्टही मनातल्या मनात उलट उत्तरं द्यायचा, आणि त्या भांडणात हजार चाकं कधी वाजवून व्हायची ते त्याला कळायचं नाही. घरी बायकोने, मारिखेने, विचारलं की आज कामावर काय झालं, तर सांगायला काही नसायचं. तो तिथे होताच कुठे?

ध्यान आलं ते आजारपणामुळे. वर्षात सहा माणसं थकून, डोकं धरून घरी बसली, तेव्हा व्यवस्थापक फान रोसमबाईंनी आठ आठवड्यांचा वर्ग ठरवला. विद्यापीठाला मेंदू मोजायचे होते, गोदामाला माणसं कामावर हवी होती. फेम्के सगळ्यांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची आणि समजावून सांगायची, "मेंदूचा एक भाग बडबड्या असतो. हाताला काम असलं तरी हा आपला कालच्या भांडणात नाहीतर उद्याच्या काळजीत. सरावाने तो गप्प होतो, लक्ष टिकतं, ताण उतरतो. बऱ्याच जणांच्या चुकाही कमी होतात."

"माझ्यात बडबड्या भाग नाही, बडबड्या भाऊ आहे," लामर्ट म्हणाला. "मेलेला."

कोणी हसलं नाही. फेम्के त्याच्याजवळ येऊन बसली. "त्याला ढकलू नका. आला की मनात म्हणा, 'विचार आला', आणि जाऊ द्या. आभाळातून ढग जातो तसा. मग डावा हात पोटावर ठेवा आणि श्वासाकडे परत या."

लामर्ट हट्टी होता, आणि हट्टी माणूस एकदा वळला की पुरता वळतो. रोज सकाळी ताक पिऊन झालं की तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसायचा, डावा हात पोटावर. याप यायचा. "विचार आला," लामर्ट म्हणायचा. याप जायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याला रात्रभर झोप लागली. चौथ्या आठवड्यात कुंपणाच्या झुडपावरून शेजाऱ्याशी चाललेलं सहा वर्षांचं भांडण मिटलं, आणि ते मिटवलं लामर्टने, हे मारिखेला सांगूनही खरं वाटेना.

"आजारी-बिजारी नाहीस ना रे?" एव्हर्टने विचारलं. "चार दिवस झाले, एक शिवी नाही दिलीस. मला करमत नाही."

"मी बरा आहे," लामर्ट म्हणाला, आणि ते खरं होतं.

कामावरही तो आता मन लावून वाजवू लागला. डोळे मिटलेले, डावा हात पोटावर, सगळं लक्ष कानात. ठक. दुसरं चाक. ठक. आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येतोय असं त्याला वाटत होतं. सहाव्या आठवड्यात याप यायचाच बंद झाला. डोकं सुट्टीच्या दिवशीच्या शाळेसारखं शांत झालं.

आणि सातव्या आठवड्यात दोन चाकं परत आली. लामर्टने भरीव म्हणून पुढे पाठवलेली. दोन्ही आतून आडवी फुटलेली.

फान रोसमबाईंचं पत्र आलं. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन, वर्गात लामर्टची प्रगती सर्वांत चांगली असल्याचं विद्यापीठाने कळवलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात, गुरुवारी दहा चाकं माझ्यासमोर वाजवून दाखवा, तीही चुकली तर पारखीचं काम थांबवून तुम्हाला फळ्यांवर मुरणारी चाकं नुसती उलटवायच्या विभागात पाठवावं लागेल. लामर्टने पत्र दोनदा वाचलं. एकाच मेंदूचं हे कौतुक आणि त्याच मेंदूची ही चूक, दोन्ही एका कागदावर कशी मावली ते त्याला उमगेना.

मारिखेने त्याला धरून कान तपासायला नेलं. तपासणाऱ्या बाईने कागदावरची उतरती रेघ दाखवली. दोन्ही कान बरेच गेलेले होते.

"कधीपासून?"

"अशी रेघ एकदम नाही येत. दहा वर्षं तरी झाली असतील."

लामर्ट हिशेब करू लागला. कान दहा वर्षांपूर्वी गेले, मग दहा वर्षं बरोबर कसं सांगितलं? लक्ष नव्हतं तेव्हा एकही चूक नाही. लक्ष आलं, तर दोन चाकं फुटकी. मग इतकी वर्षं ऐकत कोण होतं? त्याला भीती वाटली. पारखीपण गेलं तर आपल्यात दुसरं उरतं तरी काय? कागद घडी करून त्याने खिशात ठेवला आणि सायकलवरून तो मारिखेबरोबर घरी आला.

बुधवारी सकाळी तो खुर्चीवर बसला ते यापसाठी. डोळे मिटून वाट पाहिली. श्वास आत, श्वास बाहेर. मन जागचं हलेना. आठ आठवडे ज्यासाठी धडपडला ते आज सहज जमत होतं, आणि त्याला रडू आलं.

गुरुवारी दहा चाकं मांडलेली होती. फान रोसमबाई हाताची घडी घालून उभ्या. फेम्केने शेवटच्या मोजमापासाठी त्याच्या डोक्यावर टोपी चढवली होती आणि ती संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. एव्हर्ट सळई घेऊन तयार.

लामर्टने डोळे मिटले. डावा हात पोटावर. ठक.

ठक म्हणजे ठक. ना भरीव, ना फुटकं.

"फारच स्थिर," फेम्के पडद्याकडे बघत पुटपुटली.

त्याने पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. मग डोळे उघडून म्हणाला, "मला माहीत नाही."

हे वाक्य गोदामाने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. एव्हर्टने मान फिरवली. लामर्टने खिशातला कागद काढून फान रोसमबाईंच्या हातात दिला. "माझे कान गेलेत. मला नुकतंच कळलं. एव्हर्ट, धर हातोडी. आजपासून तू."

"मी? मला काय येतंय?"

"वाजव."

एव्हर्टने घाबरत हातोडी घेतली. डावा हात खिशात कोंबला आणि चाकावर टकटक केलं, दार वाजवावं तसं.

"अरे, हात ठेव, गाढवा!" लामर्ट ओरडला.

गोदामात आवाज घुमला. कित्येक आठवड्यांतली ती पहिली शिवी होती, आणि सूर यापचा होता. एव्हर्टने चटकन खिशातला हात काढून चाकावर ठेवला. लामर्ट त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो अजून पोटावर होता.

त्याने एव्हर्टकडून हातोडी घेतली. डावा तळवा चाकाच्या कुशीवर सपाट ठेवला, जसा एकतीस वर्षं नकळत ठेवत आला होता, आणि वाजवलं. कानाला ठक इतकंच आलं. तळव्याखाली मात्र थरथर मध्येच तुटली.

"फुटलंय. मधोमध, आडवं."

एव्हर्टने सळई घातली, फिरवली, ओढली. तुकडा दोन भागांत बाहेर आला.

"कानाने ऐकू येत नाही म्हणता," फान रोसमबाई हातातला कागद बघत म्हणाल्या, "मग कळलं कसं?"

लामर्टने तळवा पुढे केला. उरलेल्या नऊ चाकांत त्याने आणखी एक फुटकं काढलं, आणि एव्हर्टने नऊच्या नऊ टोचून पाहिली तेव्हा तेवढं एकच फुटकं निघालं. बाईंनी कागद घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, "एव्हर्टला शिकवा. आणि शिव्या जरा हळू."

टोपी काढताना फेम्के गोंधळून गेली होती. "तुम्ही ओरडलात तिथे रेघ एकदम उडाली. तुमचं लक्ष पार भरकटलं होतं."

"कुठे गेलं होतं ते दिसतंय का?"

"नाही. तेवढं यंत्राला कळत नाही."

"मग मी भावाला जाऊ दिलं ते चूक होतं का?"

फेम्केने तारा गुंडाळून बाजूला ठेवल्या. "मला माहीत नाही," ती म्हणाली. आज हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकून लामर्टला तिच्याविषयी माया वाटली.

त्याला अजूनही नीटसं समजलेलं नाही. ध्यान त्याने सोडलं नाही, कारण झोप खरी आहे आणि शेजाऱ्याचा नमस्कारही खरा आहे. सकाळी ताक पिऊन तो बसतो, हात पोटावर ठेवतो, आलेले विचार एकेक करून जाऊ देतो. मध्येच कुणी गाढव म्हणालं, की मात्र तो डोळे उघडतो.

"बोल, याप," तो म्हणतो.